किमान पंचेचाळीस

१

बारा नंबरच्या आजीचं वजन चौतीस किलो होतं, आणि औषध मात्र तिला पंचेचाळीस किलोच्या माणसाचं मिळालं. रक्त पातळ करणारी तीन इंजेक्शनं, प्रत्येक वेळी जवळजवळ एक तृतीयांश जास्त, आणि मूत्रपिंडं आधीच थकलेली. सतरा तारखेच्या मंगळवारी पहाटे पाच वाजता मेंदूत रक्तस्राव होऊन आजी गेली.

पंचेचाळीस कुणी लिहिलं यात काही रहस्य नव्हतं. फॉर्मखाली वॉर्डातल्या सिस्टरचं नाव आणि वेळ होती: रविवार, पंधरा तारीख, दुपारचे तीन वाजून सहा मिनिटं. सिस्टर ते नाकारतही नव्हती. ती जे सांगत होती त्यावर मात्र कुणाचा विश्वास बसत नव्हता, आणि म्हणूनच हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी बाईंना बोलावलं होतं.

बाईंनी सव्वीस वर्षं एका संस्थेत प्रोग्रॅम लिहायला शिकवलं होतं. निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, पण डोकं स्वस्थ बसेना. मग कुठे एखाद्या प्रोग्रॅमवर संशय आला की लोक बाईंना गाठायचे. बाईंचा स्वभाव तसा तिरकस. माणसं खोटं बोलतात आणि यंत्रं खरं बोलतात असं म्हणणाऱ्याला त्या म्हणायच्या, "यंत्राला खोटं बोलायला माणूसच शिकवतो, हे विसरू नका."

तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागे. भिंतीला ओल होती. समोरच्या खुर्चीत सिस्टर बसली होती, चाळिशीची, हाताला सॅनिटायझरने पडलेल्या भेगा. आठवडाभर ती निलंबित होती. शुक्रवारी अकरा वाजता चौकशी समितीपुढे सुनावणी. तिथे दोषी ठरली तर नर्सिंगचं रजिस्ट्रेशन रद्द, आणि कागद पुढे पोलिसांकडे.

"फॉर्म चौतीस घेतच नव्हता," सिस्टर म्हणाली. "लाल ओळ यायची. वजन किमान पंचेचाळीस असावं, अशी."

"मग?"

"कॉम्प्युटर विभागाला फोन केला. पान बंद करून पुन्हा उघडा म्हणाले. उघडलं, तरी तेच. तेवढ्यात शेजारच्या पेशंटला फिट आली. फॉर्म पुरा झाल्याशिवाय खालून औषधं येत नाहीत, बाई. मी पंचेचाळीस टाकलं आणि मनात म्हटलं, नंतर डॉक्टरांना सांगून दुरुस्त करून घेऊ."

"आणि नंतर?"

"नंतर विसरले." ती रडली नाही. रडून झालेलं असावं. "तेवढं माझं चुकलंच. पण मी खोटं नाही बोलत हो."

कॉम्प्युटर विभागाने कानावर हात ठेवले होते. दिवसाला चाळीस फोन येतात, कुठला कुणाचा ते कोण लिहून ठेवतो? दाराशी उभे असलेले मोठे डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "बाई, मलाही सिस्टरबद्दल वाईट वाटतं. पण तुम्हीच बघा ना."

बाईंनी नवा फॉर्म उघडला आणि वजनाच्या रकान्यात चौतीस लिहिलं.

फॉर्मने ते निमूट घेतलं. बाईंनी एकतीस लिहिलं, तेही घेतलं.

सिस्टर स्क्रीनकडे बघतच राहिली. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "बाई, मला वेड तर नाही ना लागलं?"

२

खोटं बोलणारा माणूस सहसा असं विचारत नाही. पण "सहसा" हा शब्द समितीपुढे चालत नाही, हे बाईंना माहीत होतं.

त्यांनी गेल्या दीड महिन्यात मोठ्यांच्या वॉर्डात दाखल झालेल्या सगळ्या पेशंटांची वजनं मागवली. नावं नकोत, फक्त तारीख, वेळ आणि वजन. कारकुनाने कपाळाला आठ्या घालून सोळा पानं छापून दिली. बाई पेन्सिल घेऊन बसल्या. चहा आला, निवला, त्यावर साय धरली.

आजारी आणि म्हातारी माणसं हलकी असतात. कुठल्याही पंधरवड्यात आठ-दहा जण तरी पंचेचाळीसच्या खालचे निघत होते: एकेचाळीस, सदतीस, साडेत्रेचाळीस. बाई प्रत्येकाला बारीक टिंब देत चालल्या. आणि तीन तारखेला टिंबं थांबली. चार, पाच, सहा, एकही नाही. सतरा तारखेपर्यंत त्या हॉस्पिटलात पंचेचाळीसच्या खालचं एकही माणूस आजारी पडलं नव्हतं.

त्याच चौदा दिवसांत बरोबर पंचेचाळीस किलोची मात्र नऊ माणसं आली होती. आजी धरून नऊ. पाच वेगवेगळ्या सिस्टरांच्या हाताखालून.

"माणसं काय ठरवून पंचेचाळीसची होऊन येतात?" बाई स्वतःशीच पुटपुटल्या. लाल ओळ खरी होती. ती आणखी आठ वेळा आली होती, आणि प्रत्येक सिस्टरला वाटलं होतं की आपल्याच मशीनचं काहीतरी बिघडलंय. कामाच्या रगाड्यात जो तो पंचेचाळीस टाकून मोकळा झाला. आजी गेली नसती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

मुलांच्या वॉर्डातून बोंब का उठली नाही, तेही बाईंनी बघून घेतलं. तिथला फॉर्म वेगळा होता आणि त्यात वजन ग्रॅममध्ये लिहायचं होतं, म्हणजे आकडा हजारांत, पंचेचाळीसच्या कितीतरी वर.

मग त्यांनी पुढचं टिंब शोधलं. सतरा तारीख, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं, वजन एकोणचाळीस. म्हणजे तोवर लाल ओळ गेली होती.

बाईंनी फाइल उलटी करून हॉस्पिटलने प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीला पाठवलेलं पत्र काढलं. आजीच्या मृत्यूची कंपनीला दिलेली ती पहिली खबर होती. पोहोचल्याचा शिक्का होता, सतरा तारीख, दुपारी चार.

आजी गेली पहाटे पाचला. कंपनीला कळलं दुपारी चारला. आणि मधे, कुणी काही सांगायच्या सहा तास आधीच, कुणीतरी फॉर्म सरळ करून ठेवला होता. कुणाला, कसं कळलं?

३

कंपनी एका टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होती. जिन्यात रबराचा वास भरून राहिलेला. बाई दोनदा थांबत वर पोहोचल्या तेव्हा दार उघडायला खुद्द मालकीणच आली. सगळे तिला ताई म्हणत. पंधरा वर्षांपूर्वी ती बाईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची.

"बाई! तुम्ही कशाला जिने चढलात? मी आले असते की," ताई म्हणाली. तिने पाणी आणलं, पंखा वाढवला. सगळं अगत्याने केलं, पण बाईंच्या डोळ्यांकडे मात्र पाहिलं नाही. बाईंना ते जाणवलं आणि त्यांना बरं वाटलं नाही.

प्रोग्रॅम बघताना मात्र बाईंना क्षणभर अभिमान वाटला. काम नेटकं होतं. "व्यक्ती" नावाचं एक मूळ मॉडेल, म्हणजे माहितीचा साचा: नाव, जन्मतारीख, फोन, वजन, आणि प्रत्येक रकान्यात काय चालेल, काय नाही याचे नियम. त्यावरून बेतलेले रुग्ण, रक्तदाता, नातेवाईक आणि कर्मचारी. मूळ साच्यातलं सगळं त्यांना आपोआप मिळणार. ज्याचं जे वेगळं, तेवढंच त्याच्यापुढे लिहायचं. शिंपी एकदा कागद कापून ठेवतो आणि त्यावरून सगळे सदरे बेततो, तसंच हे. सोय मोठी, आणि धोकाही तिथेच. एका गिऱ्हाईकाची मान बारीक म्हणून कागदालाच कात्री लावली, तर पुढच्या सगळ्यांचे गळे आवळणार.

"पंचेचाळीस हा आकडा कुठला गं?" बाईंनी विचारलं.

"रक्तदात्याचा. त्याहून हलक्या माणसाचं रक्त घेत नाहीत. तीन तारखेला रक्तपेढीसाठी नवा फॉर्म दिला, त्यात तो नियम आहे." ताईने बदलांची नोंद उघडली. कोणत्या दिवशी कुणी काय लिहिलं, सगळं ओळीने. "हे बघा. नियम रक्तदात्याच्या मॉडेलमध्येच आहे, पहिल्या दिवसापासून. रुग्णाच्या फॉर्मला तो लागूच होत नाही."

नोंद तसंच म्हणत होती. लिहिणाऱ्याचं नाव होतं त्या पोराचं, ज्याला ऑफिसात सगळे झटपट म्हणत. दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात करतो आणि उरलेला दीड दिवस ते निस्तरण्यात घालवतो, अशी त्याची ख्याती.

झटपट समोर बसला तेव्हा त्याचा एक पाय सारखा हलत होता.

"नियम तू लिहिलास?"

"हो."

"कुठे?"

त्याने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "बाई, खरं सांगू? मला पक्कं आठवतंय, मी तो मूळ साच्यात टाकला होता. वजनाचा रकाना तिथे होता, म्हणून नियमही तिथेच. घाईत होतो. आजीचं कळलं. धावत येऊन नोंद उघडली, तर तिथे सगळं बरोबर. मी लिहिलं नाही ते माझ्या नावावर लिहिलेलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "चुकलो नाही म्हणून हसू, की माझं डोकं फिरलंय म्हणून रडू, तेच समजेना."

एका आठवड्यात दुसऱ्या माणसाने बाईंना आपण वेडे झालो का असं विचारलं होतं.

४

बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली टायर उतरवत होते.

नोंद मागाहून बदलली होती, यात आता शंका नव्हती. ती बदलायची किल्ली दोघांकडेच होती, झटपट आणि ताई. झटपटने बदलली असती तर "मी चुकलो होतो" हे स्वतःच्या तोंडाने कशाला सांगितलं असतं? ज्याची चूक पुसली गेली, तो तर ती परत मागत होता. बाईंच्या मनात दुसरं नाव आलं आणि त्यांनी ते बाजूला सारलं. आधी तिसऱ्या माणसाला भेटायचं होतं.

तिसरा माणूस म्हणजे तपासणीवाला. प्रोग्रॅम बाहेर जाण्याआधी त्याला नाना तऱ्हेने छळून बघायचं हे त्याचं काम, म्हणून त्याचं नाव शंकासुर. पन्नाशीचा, बारीक चणीचा, डब्याचं झाकण लावल्यावरही ते एकदा दाबून बघणारा. त्याच्याकडे बदलांच्या नोंदीची किल्ली नव्हती. फक्त चाचण्यांची यादी त्याच्या ताब्यात होती. प्रत्येक चाचणी म्हणजे प्रोग्रॅमला रोज विचारायचा एक प्रश्न: अमुक दिलं तर तू काय करशील?

"यादी दाखवता का?" बाई म्हणाल्या.

त्याने मुकाट्याने स्क्रीन वळवली. शेकडो ओळी होत्या. रुग्णाची जन्मतारीख उद्याची असेल तर नाकारावी. फोनमध्ये अक्षर असेल तर नाकारावं. बाई वाचत गेल्या आणि एका ओळीपाशी थांबल्या.

"अडतीस किलोचा प्रौढ रुग्ण स्वीकारावा," त्यांनी मोठ्याने वाचलं. "ही कशाला हो लिहिली?"

शंकासुर स्क्रीनच्या कडेवरची धूळ बोटाने पुसू लागला.

"इतर सगळ्या चाचण्या चुकीचं नाकारतं का ते बघणाऱ्या. ही एकटी बरोबर ते घेतं का, असं विचारणारी. जो रुग्ण कधी अडलाच नाही, त्याला आत घ्या म्हणून सांगायची वेळ का यावी? कुंपण घातलंय, म्हणजे ढोर शिरून गेलंय."

त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. ओळीपुढे तारीख होती. सहा.

आजी वॉर्डात आली पंधराला. बाईंनी त्या तारखेवर बोट ठेवलं. "तुम्हाला सहा तारखेलाच कळलं होतं."

"सापडलं होतं," तो म्हणाला. "सांगितलंही होतं, त्याच दिवशी, लेखी. आता ते लेखी कुठे दिसत नाही. दुरुस्तीही सातला तयार झाली, मी तपासून दिली. माझी मुलगी यंदा कॉलेजला लागलीय, बाई. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? म्हणून इतके दिवस गप्प बसलो. रोज सकाळी ही ओळ वाचतो आणि गप्प बसतो."

"दुरुस्ती सातला तयार होती? मग ती सतरापर्यंत कुठे पडून होती?"

"ते मला नका विचारू," शंकासुर म्हणाला. "तुमच्या विद्यार्थिनीला विचारा."

५

ताई आपल्या खोलीत दिवा न लावता बसली होती. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. बाईंनी दार लोटून घेतलं.

"मला वाटत होतं, सतराला सकाळी कुणीतरी घाईघाईने चूक झाकली," बाई म्हणाल्या. "मी उलटंच समजत होते. घाई कुणी केलीच नाही. सकाळी नऊ वाजता जे गेलं ते ठरलेल्या वेळी गेलं. हो ना?"

ताईने मान हलवली. "एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी, सकाळी नऊ. तीन तारीख, मग सतरा. मूळ साचा अधल्यामधल्या दिवशी हलवायचा नाही, त्यावर वीस फॉर्म लटकलेले असतात." ती थांबली. "हे कुणी शिकवलं, बाई?"

बाईंनी शिकवलं होतं. दर वर्षी, पहिल्या महिन्यात. एका गावात कुणी साचा भरदिवसा बदलला आणि अख्खी नोंदणी पाच तास बंद पडली, ही गोष्ट त्या रंगवून सांगायच्या, वर्ग हसायचा.

"माणसाच्या जिवाशी गाठ असेल तर तेव्हाच्या तेव्हा हलवायचा," बाई म्हणाल्या.

"हे तुम्ही आज सांगताय. तेव्हा नव्हतं सांगितलं."

बाईंनी आठवून पाहिलं. नव्हतं सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या.

"दुरुस्ती मीच केली, झटपटला न सांगता. मी विचार केला, मुलांचा फॉर्म वेगळा आहे," ताई बोलत राहिली. "मोठ्यांमध्ये पंचेचाळीसच्या खालचे असून असून किती असणार? आणि अडलाच फॉर्म, तर फोन येईल. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाने एकही फोन पुढे पाठवला नाही. अडलेला माणूस खोटा आकडा टाकून पुढे जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नियम मोडला तर माणूस थांबतो असंच मी धरून चालले. सतराला चार वाजता पत्र आलं. मी शंकासुराच्या पत्रावरची सहाची तारीख पाहिली, आणि मग... हातून झालं. नोंद बदलली. शंकासुराचं पत्र काढून टाकलं. झटपटचीही चूक पुसली गेली, म्हटलं, कुणाचंच नाव नको."

"आणि सिस्टरचं?"

ताईने टेबलावरचे कागद उगाच सरळ केले. "मी तिला कधी पाहिलेलं नाही, बाई," ती म्हणाली. "म्हणून जमलं."

बाईंना राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली होती.

"एक विचारते," त्या उठताना म्हणाल्या. "सगळं पुसलंस. चाचण्यांच्या यादीचीही किल्ली तुझ्याकडे असणार. मग अडतीस किलोची ती ओळ का ठेवलीस? ती नसती तर मला काही सापडलं नसतं."

ताईने पहिल्यांदा वर पाहिलं. "चाचणी पुसायची नसते ना, बाई," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

६

शुक्रवारी अकरा वाजता समितीच्या खोलीत पाच माणसं लांब टेबलाशी बसली होती. मधे मोठे डॉक्टर. सिस्टर एका टोकाला, गणवेश नसल्यामुळे कुणीतरी भेटायला आलेल्या नातेवाइकासारखी दिसत होती. ताईही आली होती. तिने सही केलेला जबाब बाईंच्या फाइलमध्ये होता.

बाईंनी सगळं क्रमाने सांगितलं. एका दात्याचा नियम सगळ्यांच्या साच्यात कसा गेला. सहाला सापडला, सातला सुधारला आणि दहा दिवस मंगळवारची वाट बघत कसा पडून राहिला. आजी गेल्यावर चार तासांनी तो कसा आपोआप सरळ झाला, आणि संध्याकाळी नोंद कशी बदलली. मूळ साचा ठरलेल्या दिवसाशिवाय हलवायचा नाही हा धडा आपणच दिला होता आणि त्याचा अपवाद सांगायचा राहिला, हेही त्यांनी अहवालात लिहिलं होतं. तो परिच्छेदही त्यांनी न गाळता मोठ्याने वाचला.

"आणि हा पुरावा," त्यांनी सोळा पानं टेबलावर ठेवली. "चौदा दिवस, बरोबर पंचेचाळीस किलोचे नऊ पेशंट. सिस्टर खोटं बोलत असत्या तर या पाच सिस्टर मिळून खोटं बोलल्या असं म्हणावं लागेल."

पानं हातोहात फिरली. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "चोख काम आहे." दुसऱ्याने चष्मा लावून पेन्सिलीची टिंबं मोजली. मोठे डॉक्टर खुर्चीत मागे टेकले, सुटल्यासारखे दिसले. ते सिस्टरकडे वळून म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला काही सांगायचंय?"

ती पानंच बघत होती. हातातलं शेवटचं पान तिने जवळ ओढलं, बोट फिरवलं.

"यातली एक आजी," ती म्हणाली. "बाकीच्या आठांचं काय?"

"म्हणजे?"

"लाल ओळ गेली, ती नव्यांपुरती. या आठ जणांच्या फॉर्मवर अजून पंचेचाळीसच असेल ना? त्यांची औषधं अजून त्याच्यावरच चालली असतील."

बाईंनी ते पान पुन्हा पाहिलं. तीन दिवस ही पानं त्यांच्या उशाशी होती. नऊ आकडे त्यांनी इतक्यांदा मोजले होते की तोंडपाठ झाले होते, आणि मोजताना त्यांना फक्त पुरावा दिसला होता. त्या पानांत आठ माणसं होती हे या खोलीत जिच्यावर निष्काळजीपणाचा आरोप होता तिला एकटीला दिसलं.

मोठ्या डॉक्टरांनी टेबलावरचा फोन ओढला. पाच मिनिटांत कळलं: पाच जण घरी गेले होते, गोळ्या घेऊन. तिघं अजून वॉर्डात होते. त्यातल्या सात नंबरला तेच रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू होतं, पुढचा डोस बाराला. भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते.

"थांबवा," डॉक्टर फोनमध्ये म्हणाले. मग त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. निलंबनाचा कागद अजून त्यांच्यासमोरच पडलेला होता. "सिस्टर, वजन करायला..."

ती तोवर दारापर्यंत पोहोचली होती.

बाई गुडघे सांभाळत तिच्यामागे गेल्या, त्यांच्या मागोमाग ताई. सात नंबरवर एक म्हातारे गृहस्थ होते, हाडांवर कातडं. सिस्टरने त्यांच्या पाठीमागून हात घालून त्यांना उठवलं, "सावकाश हं बाबा, माझ्यावर भार टाका," म्हणत काट्यावर उभं केलं, आणि आकडा थरथरायचा थांबेपर्यंत वाकून उभी राहिली. त्यांच्या दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग पडले होते. रक्त आतल्या आत झिरपू लागल्याची ती खूण.

"छत्तीस," सिस्टर म्हणाली.

मशीनपाशी ताई होती. तिने पंचेचाळीस खोडून छत्तीस लिहिलं, आणि फॉर्मने ते घेतलं. वॉर्डातल्या उरलेल्या दोघांचीही वजनं तशीच दुरुस्त झाली.

"घरी गेलेल्या पाच जणांचे पत्ते काढा," सिस्टर तिला म्हणाली. ही कोण, इकडे तिचं लक्ष नव्हतं आणि त्यावर बोलायला वेळही नव्हता. "ज्यांचा फोन लागणार नाही त्यांच्या घरी मी जाते."

ताई पत्ते लिहू लागली. चौथ्या नावाला फोन लावला तेव्हा तो मुलाने उचलला, आणि आई परवाच गेल्याचं सांगितलं.